शहाणपण चार

४ मे १९८६
चुलतभाऊ लवू बोटीवरून सुट्टीवर आला. येताना विलायती खेळ घेऊन आलाय. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक नायक तयार करायचा आणि बोलून खेळायचं. लवू गुहा, राक्षस, खजिना सांगणार, आपण नायकाने काय केलं ते सांगायचं. खेळणार मी, माझी बायको जानकी आणि शेजारचे दाजी. टोळीचा म्होरक्या मीच होणार. बी.एस्सी., बी.एड. दुसरं कोण आहे? लवू बुधवारी, १४ तारखेला परत जाणार. त्याआधी गुहा जिंकायची. संकल्प.

५ मे
अपमान. नायकाचे सहा गुण फाशांवर ठरतात. तीन फासे टाकायचे, बेरीज तो गुण. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त अठरा. मला पडले: शक्ती आठ, चपळाई सात, प्रकृती सोळा, बुद्धी नऊ, शहाणपण चार, लोकांवर छाप पाच.
शहाणपण चार! हायस्कुलात बारा वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाला! लवू म्हणतो, "दादा, नायक म्हणजे तू न्हय." मग फासे माझ्या हातून का टाकायला लावले?
आकड्यांच्या कागदाचा बोळा करून दारासमोरच्या खळ्यात फेकला. दोष सारवलेल्या जमिनीचा आहे. फासे सरळ पडत नाहीत.

६ मे
पाटावर टाकले. छाप तीन. पाट फणसाचा आहे, एका बाजूने झिजलाय. लवूला सरासरीचा नियम समजावून सांगितला. तो झोपाळ्यावर झोपला. बोटीवर यांना पगार कसला देतात कोण जाणे.

७ मे
आज पक्का बंदोबस्त. दाजी देवळात गाऱ्हाणं घालतात, त्यांना फाशांवर घालायला लावलं. "बा देवा म्हाराजा, ह्या काशिनाथान जो काय खेळ मांडलोसा, तेका यश दी रे म्हाराजा!" जानकी "होय म्हाराजा" म्हणताना हसली. मी पाहिलं.
फासे टाकले. बुद्धी पाच.
तडक देवळात जाऊन मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल लावला. फासे पुन्हा टाकू का? डावा कौल, म्हणजे नको. प्रश्न नीट मांडून पुन्हा विचारलं. डावा. दाजी म्हणाले, "रे काशिनाथा, देवाक किती छळशीत?" तिसऱ्यांदा विचारलं. पाकळी पडलीच नाही. मौन म्हणजे संमती. दाजी मात्र चपला घालून निघून गेले. माणसाला जरा म्हणून धीर नाही.

८ मे
लवू वैतागला आणि खरं बोलला. दुसरीही पद्धत आहे! फासे नकोत. ठरावीक गुण मिळतात, ते आपणच वाटायचे. हे चार दिवस का लपवलं? मी इतका ओरडलो की माडावरचा कावळा उडाला.
जानकीला वेगळा नायक करायचा कंटाळा. तिने खळ्यातला माझा बोळा उचलून सरळ केला. "माका ह्येच चालतीत." म्हटलं, घे. माझे टाकलेले आकडे घेऊन कोण किती पुढे जातं ते बघू.

९ मे
दिवसभर वाटणी. शक्ती अठरा. छाप अठरा. बुद्धी अठरा. शहाणपण अठरा, त्यात तडजोड नाही. उरलेल्यात चपळाई आणि प्रकृती तीन-तीन. जानकी डोकावून म्हणाली, "प्रकृती तीन? वारो लागलो तरी मरतलो हो." बायकांना डावपेच कळत नाहीत.
पडवीत खेळ माझ्याशिवाय सुरू झाला. म्होरक्याशिवाय!

१० मे
नायकाचं नाव रणधुरंधर. त्याची वंशावळ लिहीत होतो. पडवीत नुसता हशा. जानकीचा नायक म्हणे राक्षसावर इतका खेकसला की दाजींना मधे पडून समेट करावा लागला. तिने त्याला नावसुद्धा दिलेलं नाही. "ह्येंका पुढे जाव दी", "ह्येंका आदी काय ता खावक दी, मगे शांत होतीत." असा कुठे नायक असतो? मला चहा कोणी विचारला नाही. संताप, संताप.

११ मे
वंशावळ सातव्या पिढीपर्यंत आली. खेळायला उद्या.

१२ मे
रणधुरंधराचा प्रवेश. दशावतारातल्या राजासारखा उभा राहून भाषण केलं. दाजी "वा वा" म्हणाले. पहिल्याच खोलीत दार उघडलं, दारावरून गोम पडली.
चावली. मेला.
लवूला म्हटलं, छाप अठरा आहे! तो म्हणाला, "गोमीक छाप कळना नाय, दादा. विखाक प्रकृती लागता." तीच गोम जानकीच्या नायकाला चावली. तो फक्त शिव्या देत बसला. प्रकृती सोळा. मग माझ्या रणधुरंधराला पाठीवर घेऊन गुहेबाहेर आला. खजिन्यासकट!
मी फासे भिरकावले. एक विहिरीत गेला. खेळ संपला. जेवलो नाही.

१४ मे
लवू गेला. खोका इथेच ठेवून गेला, दोन फाशांचा.
जेवताना जानकीला विचारलं, असले भिकार आकडे घेऊन तू जिंकलीस कशी? ती भाकरी थापत म्हणाली, "शाणपण चार, छाप पाच. पण मोडणा नाय, आणि टाकून जाणा नाय. असल्या माणसाक कसो सांभाळूचो ता माका ठावक आसा. बारा वर्सां झाली."
म्हटलं, त्या नायकाचं नाव तरी काय होतं?
ती लाजली. नाव घेतलं नाही. भाकरी उलटली.
रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.
पण चार हा आकडा अन्यायाचा आहे. निदान सहा तरी धरायला हवे होते.