अण्णाकाकांची आढी

मुंबई, ४ एप्रिल २००४

ती. अण्णाकाका,

साष्टांग नमस्कार या वेळी लिहीत नाही.

तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका मिळाली. 'आमच्याच घरात घडलेली पुतणी योगिनी पियानो वाजवणार.' वा!

अठ्ठ्याण्णव साली मी परीक्षेला मुंबईत आले आणि रत्नागिरीत तुम्ही माझ्या आईच्या पियानोच्या पोटात पेंढा भरून हापूसची आढी घातलीत. उंदरांनी आतलं सगळं कुरतडलं. "खोकाच तो, आंबे तरी पिकले," म्हणालात. व्हिएन्नात वाजवतानाही ते वाक्य कानात होतं.

येते. त्याच पियानोवर वाजवीन. अर्ध्या पट्ट्या मुक्या निघतील, पाहुणे कारण विचारतील, मी सांगेन.

हे पत्र मात्र टाकणार नाही. नाहीतर तुम्ही आधीच दुरुस्तीवाला बोलवाल.

तुमच्याच घरात घडलेली,
योगिनी