दुखेल तिथे थांबायचं

३ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. बावीस वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाला शिस्त शिकवावी लागत नाही. (कालपासूनच लिहिणार होतो. पेन सापडलं नाही.)
विषय : उजवा खांदा. कॉलरबोन कर्तव्यावर असताना मोडलं. रेशनच्या ट्रकवरून पडलो. ट्रक उभा होता, पण तो मुद्दा वेगळा. हाड वाकडं जुळलं.
मेडिकल बोर्डाची तारीख आली, १९ मार्च. नियम सोपा आहे. हात खांद्याच्या रेषेपर्यंतच उचलता आला तर अपंगत्व वीस टक्के, आणि माजी सैनिकांच्या दवाखान्यात ऑपरेशन. पूर्ण वर गेला तर शून्य. माझा हात रेषेपर्यंत जातो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. म्हणजे वीस टक्के मिळाल्यातच जमा.

५ मार्च
ही म्हणाली, बोर्डासमोर दुखेल तिथे थांबा. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. तर म्हणते, 'जमत नाही' हे दोन शब्द तुमच्या तोंडून लग्नापासून ऐकले नाहीत. काहीतरीच. जमत नसेल तर म्हणेन ना!

८ मार्च
वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढताना पडला. फळी चुकीच्या उंचीवर लावली आहे. सुताराला बोलावणार. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. हिला फळ्यांतलं काही कळत नाही.
टी-शर्ट सोडले. या वयाला बटणांचे शर्टच शोभतात. बटणं ही लावते. तिला आवड आहे.

११ मार्च
नात (वय पाच) म्हणाली, खांद्यावर बसवा. डावा देऊ केला. तर म्हणे, एका खांद्यावर घसरायला होतं. हल्लीची मुलं फार चोखंदळ. ऑपरेशन झालं की दोन्ही खांदे तुझे, असं कबूल केलं. तिने लगेच तारीख विचारली. वाईट वाटलं.

१४ मार्च
रंगीत तालीम. ही डॉक्टर झाली. 'हात वर' म्हणाली. रेषेपर्यंत नेला, कळ आली, पण ही बघत होती म्हणून आणखी थोडा नेला. ती ओरडली, थांबा म्हटलं ना, डोळ्यांत पाणी आलंय. पंख्याची हवा लागली होती.
पाच वेळा केलं. पाचव्यांदा बरोबर रेषेवर थांबलो. ती तेव्हा चहा टाकायला आत गेली होती.

१८ मार्च, संध्याकाळ
पक्का निश्चय. दुखेल तिथे थांबायचं. कण्हावंसं वाटलं तर खुशाल कण्हायचं. बूट स्वतः पॉलिश केले. हिने नंतर पुन्हा केले.

१९ मार्च
बोर्ड झालं. रांगेत माझ्या पुढे एक माजी शिपाई. त्याचा खवाटा मोडलेला, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड. हात जेमतेम कमरेपर्यंत नेला आणि असा विव्हळला की भिंतीवरची घड्याळं थांबावीत. एकेकाळी गणवेश घातलेल्या माणसाला हे शोभतं का?
मग मी. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची, पण कॅप्टन. म्हणाली, जवान, जमेल तितका हात वर करा.
निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणी जवान म्हणालं. आणि 'जमेल तितका' म्हणजे काय? हात थेट कानाला लावला. आत काहीतरी कडकन वाजलं. तिने विचारलं, दुखतंय का? पाठ ताठ करून सांगितलं, नाही, साहेब! ती म्हणाली, घाई करू नका, नीट आठवून सांगा. मी म्हटलं, पुन्हा करून दाखवू? दोनदा दाखवला. खवाटेवाला दारातून बघत होता.
एकंदरीत छाप चांगली पडली.

२० मार्च
अंथरुणात. आधीपासून ठरवलेली विश्रांती. ही शेक देते आहे.

२ एप्रिल
पत्र आलं. अपंगत्व शून्य टक्के. हालचाल पूर्ण, वेदना नाही. ऑपरेशनची गरज नाही.
नातीने विचारलं, काय लिहिलंय? सांगितलं, आजोबा ठणठणीत आहेत. ती म्हणाली, मग बसवा खांद्यावर.
पत्र फायलीत लावलं. फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवायची होती. हात पोचेना. दोनदा करून पाहिलं. मग हिला हाक मारली. म्हटलं, मला जमत नाहीये.
ती स्टुलावर चढली, फाइल ठेवली, खाली उतरली. म्हणाली, अहो, हे तिकडे म्हणायचं होतं.