चालायच्या वेगानं पळून जाणं

२ नोव्हेंबर
कालव्यावर, वरच्या लॉकच्याही वर, 'पाणकोंबडी' बोट

रोवेना,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. मी मजेत आहे. तू कशी आहेस ते विचारत नाही. तुझा करडा मफलर इथं राहिलाय, त्यानं मी आता कढई पुसते. लॉकच्या हँडलचं शेवटी बोलू.

मावशीला फोन करून सांगितलंस म्हणे, टॅम्सिन बोट घेऊन पळाली. पळाली? अगं, आपली बोट माणसाच्या चालीनं जाते!

तूच म्हणालीस ना, "बाबांसाठी एक फेरी मारू, पानगळ बघू." मी काल सकाळी शेगडी पेटवली, तुला बेकन तळून दिलं. सुकाणूला तू हात लावला नाहीस, लाल कोटावर धुराड्याची काजळी बसते. लॉकची कामं तेवढी केलीस. खालच्या लॉकच्या दोन दरवाजांमध्ये पाणी भरत होतं, बोट वर चढत होती, तेवढ्यात तिथला लाइफजॅकेटवाला म्हातारा मला म्हणाला, "हीच का विकायची बोट? गिऱ्हाईक मघापासून धक्क्यावर बसलंय. बाईंना पडद्यांची मापं घ्यायचीयत."

पडद्यांची. माझ्या पलंगावरच्या.

बाबांनी जाताना बोट दोघी बहिणींच्या नावावर केली, पण राहते मी. तुला घर आहे, बाग आहे. मला हे एवढंच छप्पर.

मी लॉकमधून बाहेर पडले, तू पाठ लावून दरवाजा लोटत होतीस. पुढं थांबून लॉकवरच्या माणसाला बोटीत घ्यायचं असतं. मी थांबले नाही.

मग काय, तू काठानं बरोबरच!

"थांब, मूर्खे!"

"विक्रीवर सही करायला?"

"हिवाळ्यात गारठून मरशील त्यात!"

"तुझ्याकडे गुदमरण्यापेक्षा बरं!"

बांधलेल्या बोटी आल्या तसा मी वेग कमी केला. भांडण असलं म्हणून काय झालं, लाटेनं लोकांचे चहाचे कप सांडतात. तरी एक जण खिडकीतून ओरडलाच, "बायांनो, जरा हळू!"

"बोट की आवाज?" तू विचारलंस.

"दोन्ही!"

धक्क्यावर ते गिऱ्हाइकाचं जोडपं टेप घेऊन उभं. त्यांनी हात हलवले. मीही हलवला आणि पुढं गेले.

पुढं बोगदा. आत काठ नाही, चालणाऱ्यानं टेकडीवरून जायचं. पूर्वी घोडे जायचे तसं. "पाठ सोडणार नाही तुझी!" म्हणत तू चढायला लागलीस.

आत छतातून पाणी मानेवर पडत होतं. मध्यावर आले आणि आठवलं. लॉकच्या झडपा फिरवायचं हँडल तुझ्या कोटाच्या पट्ट्यात. बोटीत दुसरं नाही, आणि त्याशिवाय लॉक उघडत नाही. बोगद्यापलीकडे वरचं लॉक, आणि ते आजपासून दुरुस्तीसाठी बंद, थेट मार्चपर्यंत. काल वर पोचले तर हिवाळाभर बोट कुणाच्या बापाला नेता येणार नाही. पण तिथं तू हँडल घेऊन हसत उभी असणार. बोगद्यात बोट वळत नाही. तिथं तुला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. बोगद्यानं ते मलाच परत ऐकवलं.

बाहेर आले. तू नव्हतीस.

लॉक रिकामं करून ठेवलेलं. खालचे दरवाजे माझ्यासाठी सताड उघडे. हँडल दरवाजाच्या दांड्यावर, पुसून. बाबांचा नियम: टेकडीवरून जो आधी पोचेल त्यानं लॉक तयार ठेवायचं, तोंड बघायचं नसलं तरी. त्या बुटांत धावलीस?

उपकार केलेस असं समजू नकोस. आभार मानत नाही.

वरचा दरवाजा लोटताना टेकडीकडे नजर गेली, इतकंच. झाडं ओकीबोकी झालीत, लांबचं दिसतं. तुझा लाल कोट परत चालला होता. एकदा थांबला. मी हात केला नाही.

आज सकाळी माणसं आली, फळ्या टाकून लॉक बंद केलं.

मार्चमध्ये उघडेल. सही तेव्हाही करणार नाही. पण बोट खाली आणताना लॉकवर दुसरं माणूस लागतं. हँडल मी पोस्टानं पाठवणार नाही.

कोट जुना घालून ये.

टॅम्सिन