माग पुसताना

दवाखाना, मंगळवार दुपार
तारीख १८

ती. वन्संना नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि नवीन चष्मा नाकावर बसला असेल, असं धरून चालते. इकडे ह्यांचं बरं म्हणायचं तर बरं आहे. काल पलंगाच्या कडेला टेकवून बसवलं. चार घास स्वतःच्या हाताने खाल्ले, पाचवा शर्टावर सांडला आणि त्यावरून स्वतःवरच चिडले, म्हणजे तब्येत सुधारतेय. उजवा हात शाबूत आहे. तोच डाव्या हाताला उचलून मांडीवर घेऊन बसतो, शेजाऱ्याचं मूल सांभाळायला घेतल्यासारखा.

शब्द मात्र एकच परत आलाय, "चला." पाणी हवंय का? चला. दुखतंय का? चला. काल मोठे डॉक्टर जीभ दाखवा म्हणाले तर हे म्हणाले, "चला," आणि डॉक्टर खरंच पुढच्या पलंगाकडे निघाले. मी पदर तोंडाला लावून हसले. हेही हसले, अर्ध्या तोंडाने.

व्यायामाच्या बाई चांगल्या आहेत, फार दुखवत नाहीत. घराची किल्ली शेजारणीकडे दिलीय, ती झाडांना पाणी घालते. ह्यांच्या दुकानाचं शटर बंदच आहे. बांधायला आलेली पुस्तकं ज्याची त्याला परत करायला हवीत, पण तिथला खळीचा वास आला की मला रडू फुटेल, म्हणून अजून गेले नाही.

तुम्ही म्हणाल, फोन असताना हिला पत्राचं काय खूळ सुचलं? फोनवर तुम्ही मधेच बोलता आणि मी मधेच गप्प होते. शनिवारी तुम्ही म्हणालात, "पुढच्या रविवारी येतेय, आणि बघायला नाही, न्यायला येतेय. तुझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. माझ्याकडे खालची खोली रिकामी आहे." यात खोट काढायला जागा नाही. आई गेल्यावर ह्यांना तुम्हीच वाढवलंत, तुमचा हक्क माझ्या आधीचा. मला राग त्याचा आला नाही. त्यानंतर तुम्ही जे बोललात, ते मला गिळता येत नाहीये. "तू होतीस म्हणून तो वाचला गं. दुसरी असती तर रानात हातपाय गाळून बसली असती." हे तुम्ही चुलत्यांना सांगितलंत, मावशींना सांगितलंत. परवा दोघांचेही मला फोन आले, धन्य आहेस म्हणून.

कुरिअरने पाठवतेय. गुरुवारपर्यंत मिळेल. निघायच्या आधी वाचा.

आमचं ते सायकलवरून फिरणं तुम्हाला कधीच पटलं नाही. "साठी उलटली आणि झुडपात झोपतात चोरासारखे," असं तुम्ही सगळ्यांदेखत म्हणायचात आणि हे उलट म्हणायचे, "चोर काहीतरी घेऊन जातो गं ताई, आम्ही काहीच नेत नाही." खरं होतं ते. आम्ही कुणाची काडी मोडली नाही, कधी शेकोटी केली नाही. पण चोरासारखं हेही खरंच. ती एक विद्याच होती आमची, आणि त्यात सरस कोण म्हणाल तर मी.

जेवण जिथे केलं तिथे झोपायचं नाही. बसथांब्यावर नाहीतर पुलाच्या कठड्यापाशी उजेडीच जेवून घ्यायचं, मग आणखी थोडं पुढे जायचं. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा झाला की सायकली हातात धरून आत शिरायचं. रस्त्यावर घालायची ती भडक नारिंगी जाकिटं आधी पिशवीच्या तळाशी. सायकली आडव्या, त्यांच्या चमकणाऱ्या लाल चकत्यांवर मोजे. दिवा नाही, मोठ्याने बोलणं नाही. तंबू मी शिवलेला, वाळक्या पानांच्या रंगाचं कापड चार दुकानं पालथी घालून आणलं होतं. आणि हे तंबू उभारत असताना मी परत रस्त्यापर्यंत जायची आणि चाकांचा माग फांदीने पुसत, मागे सरकत आत यायची. जिथून शिरलो तिथे एखादं वाळकं झुडूप ओढून ठेवायची. माग पुसणं माझ्याकडे. हे त्याला घरातली झाडलोट म्हणायचे.

जवळून कुणी गेलं तर हे ओठांवर बोट ठेवायचे आणि तो माणूस लांब जाईपर्यंत आम्ही पुतळे. दिवसा कुणी विचारलंच, रात्री कुठे राहिलात, तर ठरलेलं उत्तर, "मागच्या गावी ओळखीचे आहेत." ते सांगायचं कामही माझ्याकडेच. ह्यांना धड खोटं बोलता येत नाही, कानांच्या पाळ्या लाल होतात, तुम्हाला माहीतच आहे.

वन्सं, मी तुम्हाला सांगितलं की ह्यांना झोपेतच झटका आला, कुणाच्या हातात काही नव्हतं. तसं झालं नाही.

आम्ही एका लागवडीच्या रानात होतो. एका मापाची झाडं, सरळ रांगा, जिकडे मान वळवाल तिकडे तेच. उजाडत होतं. हे उठून बाहेर जाऊन आले, चांगले चालत. मला म्हणाले, "आज वारा पाठीकडून आहे, तुझी चंगळ." त्यांच्या तोंडचं ते शेवटचं पुरं वाक्य. मग सतरंजीची घडी करता करता डाव्या हातातून टोक सुटलं. परत उचललं, परत सुटलं. माझ्याकडे बघून हसले आणि तोंड एकाच बाजूला गेलं. ह्यांना नकला करायची खोड. मी म्हटलं, "पुरे झाली नाटकं, उजेड व्हायच्या आत निघायचंय." मी असं म्हणाले, आणि हे बसल्या बसल्या कलंडले.

फोनला रेंज नव्हती. त्यांना कुशीवर निजवलं, उजव्या हाताशी पाण्याची बाटली ठेवली, त्यांची सायकल शेजारीच आडवी होती. "आत्ता येते," म्हणाले आणि माझी सायकल घेऊन रस्त्याला लागले.

आता जे लिहितेय ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. रस्त्याला लागायच्या आधी मी माग पुसला.

का, ते विचारू नका. मीच स्वतःला विचारून थकले. नवरा मागे पडलाय, आणि माझ्या हाताने फांदी उचलली, सायकलचा माग पुसला, बाहेर पडताना बाजूला सारलेलं झुडूप परत जागेवर ओढलं. भांडं विसळून पालथं घालावं तसं. पिशवीच्या तळाशी दोन नारिंगी जाकिटं होती. त्यातलं एक रस्त्याकडेच्या झाडाला अडकवलं असतं तर आंधळ्यालाही दिसलं असतं. ते सुचलं नाही, हे सुचलं.

पेट्रोल पंप लांब नव्हता. पंपावरच्या माणसाने लगेच फोन लावला, ॲम्ब्युलन्स खरोखर चटकन आली. मी पुढे बसून रस्ता दाखवत होते. "इथेच," म्हणाले. उतरलो. नव्हतं. "मग थोडं पुढे." तिथेही नव्हतं. झाडांच्या रांगा, रांगा आणि रांगा. मी इतकं नीट लपवलं होतं की मलाच सापडेना. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, त्याच्याबरोबरची नर्स, पंपावरचा तो माणूस, सगळे हाका मारत फिरत होते, "काका! ओ काका!" मी तर नरडं फाटेपर्यंत ओरडले. ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं ते खाली बुंध्यांपर्यंत उतरलं. नर्स मला दोनदा म्हणाली, "काकू, नक्की हेच रान ना?" शेवटी ड्रायव्हर तंबूच्या दोरीला अडखळून तोंडावर पडला. तोपर्यंत तो दोन पावलांवरचा तंबू त्यालाही दिसला नव्हता.

ह्यांचे डोळे टक्क उघडे होते.

इथे आल्यावर, हे जरा शुद्धीत आले तेव्हा मी विचारलं. "आमच्या हाका ऐकू आल्या?" मान हलली, हो. "सायकलची घंटी हाताशी होती, उजवा हात चालत होता. मग वाजवली का नाही?" तर ह्यांनी तोच उजवा हात उचलला आणि बोट ओठांवर ठेवलं. परक्या माणसांच्या हाका होत्या ना. मला इतका राग आला, वन्सं, तुमच्या भावाचा, की मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा हे रडत होते. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलंय की आपण गप्प राहिलो म्हणून हे असं झालं. कुणी सायकलचा विषय काढला की भिंतीकडे तोंड करतात. मी डोळे पुसते, पाठीवरून हात फिरवते. तुमची चूक नाही, असं म्हणते. पण चूक कुणाची, ते म्हणत नाही.

आणि ती नुसती माग पुसण्याची असती तर एव्हाना मी त्यांच्याजवळ बोललेही असते.

दवाखान्याच्या दारात एका तरुण डॉक्टरने मला विचारलं, "हे शेवटचे ठणठणीत कधी होते? नीट आठवून सांगा." माझ्या डोळ्यांपुढे लगेच पुढचे प्रश्न उभे राहिले. मग इतका वेळ कुठे होतात? रानात काय करत होतात? कुणाची परवानगी होती? आणि ज्या आवाजात मी इतकी वर्षं "मागच्या गावी ओळखीचे आहेत" सांगत आले, त्याच आवाजात म्हणाले, "रात्री. झोपताना. सकाळी बघते तर असे." डॉक्टरने एकदा घड्याळाकडे पाहिलं, मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मला काय ठाऊक, तो का विचारतोय! मला वाटलं, नुसती चौकशी.

चार-सहा दिवसांनी समोरच्या पलंगावर एक सासूबाई आल्या. तोंड वाकडं, हात लुळा, ह्यांच्यासारखंच सगळं. त्याच डॉक्टरने सुनेला तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आत्ता, चहा घेताना, माझ्यासमोर." तिथल्या तिथे धावपळ झाली, इंजेक्शन दिलं. त्या बाई काल आमच्या पलंगासमोरून चालत घरी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुमचेही होतील हो बरे." मी नर्सला आडून विचारलं, ते कसलं इंजेक्शन? ती म्हणाली, मेंदूतली गुठळी विरघळवणारं. पण साडेचार तासांच्या आत आणलं तरच, आणि झटका कधी आला ते माहीत असेल तरच. रात्री झोपेत आलेल्याला देत नाहीत.

आज सकाळी मी त्या डॉक्टरला गाठलं आणि खरं सांगितलं. उजाडताना हे चालत होते, बोलत होते, सगळं. त्याने ह्यांचा कागद काढला, आम्ही दारात पोचल्याची वेळ बघितली आणि बोटांवर तास मोजले. मी म्हटलं, "माझी समजूत काढू नका. वेळ होता का?"

तो म्हणाला, "होता. फार नाही. पण होता."

रागावला नाही. मला खुर्ची दिली. रागावला असता तर बरं झालं असतं.

तर ह्यांना मी वाचवलेलं नाही. ह्यांचं बोलणं, ह्यांचा डावा हात, ह्यांचं दुकान, सगळं दवाखान्याच्या दारापर्यंत आलं होतं. तिथून ते मी घालवलं.

ह्यांना अजून माहीत नाही. आज संध्याकाळी व्यायामाच्या बाई गेल्या की सांगणार आहे. घंटीचं ओझं आधी त्यांच्या डोक्यावरून उतरायला हवं, मग माझ्याबद्दल त्यांना जे वाटायचं ते वाटो. आधी तुम्हाला लिहिलं ते यासाठी, की तुम्हाला लिहून झाल्यावर मला माघार घेता येणार नाही. मी स्वतःला चांगली ओळखते.

रविवारी या. मला काय हवंय ते विचाराल तर मला हे माझ्याजवळ हवेत. तिसऱ्या मजल्यावर, जिन्यावर खुर्ची उचलायला रोज चार माणसं बोलवावी लागली तरी. पण ते मागायला मला आता तोंड नाही. तुम्हाला मला बोलायचं असेल ते खाली दवाखान्याच्या फाटकापाशी बोला, मी उभी राहून ऐकेन. ह्यांच्यासमोर नको, त्यांना सगळं समजतं. आणि मग त्यांनाच विचारा, कुणाकडे राहायचं. उजवा हात तुमच्याकडे गेला तर मी कपडे, औषधं, दाढीचं सामान भरून देईन, आणि गाडीत बसवायलाही येईन.

चुलत्यांना आणि मावशींना खरं काय ते तुम्हीच कळवा. माझं ऐकून त्यांना मी विनयाने बोलतेय असं वाटेल.

तुमची भावजय म्हणून सही करायला हात धजत नाही. एवढंच लिहिते,

तुम्ही आईच्या मायेने वाढवून ज्याला माझ्या हाती दिलंत,
त्याची बायको