मतपत्रिकेच्या तळाचा प्रश्न

वेस्ट फिलाडेल्फिया
रविवार, दुपार

प्रिय कोरिन,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. दर रविवारी फोन होतो, मग आईला हे काय सुचलं, असं तुला वाटेल. पण फोनवर तुझा आवाज ऐकला की ‘सगळं छान’ म्हणून मी मोकळी होते, आणि तूही घाईत असतेस. लिहिताना तसं सुटता येत नाही.

मतदान यंदाही आमच्याच सलूनमध्ये झालं. खुर्च्या भिंतीला लावल्या, केस वाळवायच्या यंत्रांवर चादरी टाकल्या आणि मिस ओडेसाने नेहमीसारखे सगळ्यांसाठी मासे तळले. दुकान तिचं, त्यामुळे मतदानाच्या दिवशीही हुकूम तिचाच. मी दिवसभर दाराबाहेर उभी राहून ओरडत होते. आपल्या लोकांची खोड तुला माहीतच आहे. यंत्रावर ओळखीची नावं दाबायची आणि घरी पळायचं, तळाशी लिहिलेला प्रश्न वाचायचाच नाही. या वेळचा प्रश्न तर आमच्यासारख्यांसाठीच होता गं. ज्या दुकानांत, हॉटेलांत, पाळणाघरांत मालकाने म्हातारपणाची काही सोय केलेली नाही, तिथल्या माणसांच्या पगारातून दर वेळी थोडं आपोआप कापून त्यांच्याच नावावर साठवायचं, आणि ती व्यवस्था शहराने चालवायची. ज्याला नको त्याने नको म्हणून कळवायचं. हो की नाही, एवढंच विचारलं होतं.

आपल्या गल्लीतला लेस्टर, जन्मभर बस चालवून आता पेन्शन घेतो तो, मला चिडवायला मुद्दाम थांबला. “व्हर्ना, चौसष्टाव्या वर्षी तुझं कापून साठणार काय? केस?” मी म्हटलं, “तुला दर महिन्याला घरबसल्या मिळतात, म्हणून थट्टा सुचते. मी माझ्यासाठी नाही ओरडत, माझ्या पोरीसाठी ओरडते.” तो आत गेला आणि माशाचा सगळ्यात मोठा तुकडा घेऊन आला. अर्धा मला दिला.

आणि माझी पोरगी? ईस्टरला जेवताना तू सरळ म्हणालीस, “माझ्या पगाराला कुणी हात लावायचा नाही, आई. भाडं, गाडी, माझ्या इमानीचे शाळेचे बूट, यातून उरतं काय साठवायला? मी पहिल्याच दिवशी नको म्हणून कळवणार.” मी बटाट्याचं सॅलड तुझ्याकडे सरकवलं आणि विषय बदलला. राग आला होता मला. पण तू खोटं बोलत नव्हतीस. तुझ्या वयात मीही तेच म्हटलं असतं, मला कुणी विचारलंच नाही एवढंच.

गर्दी ओसरल्यावर मी मत द्यायला आत गेले. नावं दाबली, मग त्या प्रश्नाच्या ‘हो’कडे बोट नेलं, तर उजवा हात असा थरथरला की बोट पडलं थेट मत पक्कं करायच्या हिरव्या चौकटीवर. झालं, मत नोंदलं गेलं. सगळ्या गल्लीला शिकवणारी मी, आणि माझाच प्रश्न कोरा! मी हे सांगितलं तर मिस ओडेसा तळणी सोडून हसायला लागली. “अगं बाई, तोंडाने एवढी मतं जमवलीस आणि बोटाने स्वतःचंच घालवलंस!” मीही पोट धरून हसले. लेस्टर मात्र हसला नाही. तो माझ्या हाताकडे बघत होता.

प्रस्ताव मंजूर झाला, ते तुला कळलंच असेल. हाताचं मात्र मी तुला कळू दिलं नाही. हिवाळ्यापासून बोटं बधिर होतात. केस सरळ करायचा गरम कंगवा मी डाव्या हातात धरायला शिकत होते. मतदानानंतरच्या शनिवारी आपल्या चर्चमधल्या मिसेस ग्रँबी खुर्चीत होत्या. कंगवा उजव्या हातातून डाव्या हातात घेताना सुटला आणि त्यांच्या मानेवर पडला. केवढा फोड आला! बिचाऱ्या उलट माझीच समजूत घालत होत्या, “राहू दे व्हर्ना, मीच हलले.” त्या मुळीच हलल्या नव्हत्या. दुकान बंद झाल्यावर मिस ओडेसाने मला कॉफी करून दिली आणि म्हणाली, “तुला काढायचं माझ्या जिवावर येतंय गं. पण उद्या कुणाचा डोळा गेला तर?” आम्ही दोघी रडलो. तिचं काही चुकलं नाही. तेव्हापासून मी घरीच आहे. गेल्या रविवारी तुला म्हटलं ना, दुकानात फार गर्दी होती, ते खोटं होतं. डॉक्टर म्हणतात, नस दबली आहे, शस्त्रक्रिया केली तरी हात पहिल्यासारखा होईलच असं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. सरकारकडून जे मिळेल ते या घराच्या भाड्यालाही पुरत नाही, आणि बाजूला ठेवलेलं असं माझ्याकडे काहीच नाही. मला भीती वाटते, कोरिन. मी कधी तुझ्यावर ओझं होणार नाही, असं किती तोऱ्यात म्हणायचे मी. इमानीच्या खोलीत माझा पलंग मावेल का? नाही म्हणावं लागलं तर म्हण, मी रुसणार नाही, फक्त लिहून कळव, फोनवर मला ते ऐकवणार नाही. आणि हो म्हणालीस, तर माझा शब्द घे. पगारातून कापायचं की नाही, हे विचारणारी चिठ्ठी तुझ्याकडे येईल तेव्हा मी तोंडातून अक्षर काढणार नाही. तुझं तू ठरव. मी तुझ्यासमोर जेवायला बसलेली असेन.

तुझीच,
आई