तिसऱ्या घराला विचारलं आहे

४ जून

देवाच्या कृपेने आज नव्या घरात आलो. वरचा मजला, चौदा पायऱ्या, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पाच खिडक्या! जुन्या घरात दोनच होत्या, त्याही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. इथली स्वयंपाकघरातली तर सगळ्यांत मोठी. ऊन थेट ओट्यावर येतं, म्हणजे सकाळचा दिवा वाचला. आमची आठ वर्षांची लेक दिवसभर काही ना काही कुरतडत असते, म्हणून तिला खारुताई म्हणतो. तिने आल्या आल्या त्या खिडकीवर हक्क सांगून टाकला.

मालकीणबाई खालीच राहतात. खारुताईच्या हातावर त्यांनी लिंबाच्या गोळ्या ठेवल्या. म्हणाल्या, आधीचं जोडपं चार वर्षं राहिलं, पोरासाठी झुरत. आता जिना वाजेल, मलाही बरं वाटेल.

त्या जोडप्याने जाताना आपल्या कॉम्प्युटरमधल्या सगळ्याची नक्कल एका डिस्कवर करून मालकीणबाईंकडे ठेवली होती. एका संशोधन संस्थेचं अवाढव्य गणित असतं म्हणे. त्याचे तुकडे करून ते घरोघरी पाठवतात आणि आपला कॉम्प्युटर रिकामा बसला की एकेक तुकडा सोडवतो. पैसा नाही, मान नाही, निव्वळ सेवा. मालकीणबाईंकडेही हे चालतं. ह्यांना तयार डिस्क मिळाली, मांडामांड वाचली, लगेच आमच्या कॉम्प्युटरात बसवली. हिशेबाची वही माझ्याकडे, म्हणून हे खातंही माझ्याच गळ्यात घातलं.

पद्धत मला आवडली. प्रत्येक तुकडा दोन घरांना देतात. उत्तरं जुळली तर खरी. नाही जुळली तर तिसऱ्या घराला विचारतात आणि जे एकटं पडेल ते टाकून देतात. हे म्हणाले, आपल्याकडे दुसरं काय आहे? भांडण झालं की खारुताईला विचारायचं, आणि ती लबाड कायम बापाच्या बाजूने.

८ जून

सेवेला ग्रहण लागलं. तुकडा नव्वद टक्क्यांपर्यंत जातो आणि परत शून्यावर येतो. मागचं झाकण काढलं. दात घासायच्या जुन्या ब्रशने पंख्यावरची धूळ झाडली. घड्याळ सात मिनिटं मागे होतं, ते बरोबर केलं. सगळ्या वायरी काढून पुन्हा खोचल्या. परत शून्य. हे म्हणाले, बंद करून चालू कर. ह्यांचं सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध.

१० जून

मदतीच्या नंबरवर फोन केला. माणूस सज्जन वाटला, दर वाक्याला ताई म्हणत होता. डिस्क नक्कल केलेली असल्यामुळे आमचं घर आणि त्या जोडप्याचं नवं घर यांची ओळख एकच झाली आहे, त्यामुळे ह्याचा तुकडा त्याला आणि त्याचा ह्याला जातो, असं त्याने समजावलं. यादीत आपलं घर दोनदा दिसतं का, विचारलं. दिसत होतं. तो म्हणाला, कशालाही हात लावू नका ताई, दोन दिवसांत तुम्हाला नवी ओळख देतो.

पण एकच नोंद दोनदा लिहिलेली मला बघवत नाही. बारा वर्षं वही ठेवते आहे, दुबार नोंद दिसली की हात शिवशिवतो. यादीच्या खालीच बटण होतं : ‘ही दोन्ही घरं एकच आहेत. एकत्र करा.’ केली. तेवढ्यासाठी दोन दिवस कोण थांबणार? संध्याकाळपर्यंत तीन तुकडे पूर्ण झाले. देवाला हात जोडले आणि ह्यांच्यापुढे थोडी मिरवलेही.

१२ जून

आजवर तुकड्यांत लांबलचक आकडे असायचे. आज अक्षरं होती.

‘खिडक्या. तुमचं उत्तर पाच. दुसऱ्या घराचं चार. जुळत नाही. तिसऱ्या घराला विचारलं आहे.’

मी कॉम्प्युटरला बोट लावलेलं नाही. पाच खिडक्या मी फक्त ह्या वहीत लिहिल्या. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, संस्थेत कोणीतरी रिकामटेकडा बसला असेल.

१३ जून

स्वयंपाकघरात खिडकी नाही.

भिंत आहे. दोन्ही हात फिरवून पाहिले. रंग नवा नाही, तेलकट, जुना. वर एक गंजलेला खिळा. हे म्हणाले, चारच तर होत्या, तुला घर बदलल्याचा शीण आलाय. मालकीणबाई म्हणाल्या, खाली चार, वर चार, बांधल्यापासून. खारुताई भिंतीपाशी स्टूल घेऊन बसली होती. माझी खिडकी कुणी नेली, एवढंच विचारत राहिली.

पडद्यावर : ‘चार. जुळलं.’

म्हणजे दोघींनाच आठवते. दोघीजणी एकटं पडलेलं उत्तर.

१५ जून

‘घरातली माणसं. तुमचं उत्तर तीन. दुसऱ्या घराचं दोन. जुळत नाही. तिसऱ्या घराला विचारलं आहे.’

खारुताईचा हात धरून खाली धावले. तिसरं घर मालकीणबाईंचंच असणार, त्यांनाच सांगावं म्हटलं, आम्ही तिघं आहोत. त्यांनी विचारलं, पाहुणे आलेत का कोणी? तुम्ही तर दोघंच ना. खारुताई माझ्या शेजारी उभी होती. बाईंची नजर तिच्यावरून सरळ दाराकडे गेली.

देवा, लेकराला सांभाळ.

१६ जून

सकाळी ह्यांनी विचारलं, ती छोटी गादी कुणाची, अडगळ झालीय, देऊन टाक. खारुताई समोर बसली होती. बाबा, बाबा म्हणत होती. हे चहा पीत होते.

शाळेत गेले. बाईंनी हजेरीची यादी पुढे केली. नावं एकाखाली एक, सलग. मध्ये जागासुद्धा सोडलेली नाही.

दुपारी फरशी पुसली. ती घाबरून ओल्या फरशीवरून माझ्याकडे धावत आली. माझी पावलं उमटली. तिची —

कॉम्प्युटरची वायर उपटली. खाली मालकीणबाईंच्या पडद्यावर आमचं घर अजून दिसतं आहे. तीन. दोन. दोन.

१७ जून

मदतीच्या माणसाला फोन. एकत्र केलेलं सुटत नाही ताई, थांबा म्हणालो होतो ना. मुदत उद्या अकराची. अकरानंतर एकटं उरलेलं उत्तर रद्द. तोवर ज्याने त्याने आपलं उत्तर बदलावं. कोणत्याही दोन घरांचं जुळलं की झालं.

वायर परत जोडली. वहीत ‘तीन’च्या जागी लिहून पाहिलं : हे, मी, खारुताई. पडद्यावर तेच उमटलं. म्हणजे वहीच वाचतात.

ह्यांना ती दिसत नाही. मालकीणबाईंना दिसत नाही. उरली ती आधीची बाई. मालकीणबाईंकडून नंबर घेतला.

तीही वही लिहिते. फोनवर रडत होती. म्हणाली, तीन दिवस झाले, घरात लहान मुलीचं हसू ऐकू येतं, दुधाचा पेला आपोआप अर्धा होतो. मी पाया पडते म्हटलं. लिहा, की ती आहे आणि माझी आहे. तिचं रडणं थांबलं. मग म्हणाली, किती वर्षं देवापुढे बसले, तुम्हाला काय कळणार. ती आहे असं लिहीन. पण माझी मुलगी, माझ्या घरात, असंच लिहीन. तुम्ही तेच लिहा, जुळेल, पोर वाचेल. नाहीतर ना तुम्हाला, ना मला.

मी तिला नाही नाही ते बोलले. फोन आपटला.

१८ जून, सव्वादहा

हे कामावर गेले. दार ओढताना म्हणाले, दिवसभर एकटी असतेस, कुणाशी बोलत असतेस?

खारुताईला कडेवर घेतलं. वजन नाही. थंडी वाजते म्हणते. तोंड हलतं, आवाज अर्धाच येतो.

साडेदहा

दुसऱ्या घराचं उत्तर बदललं. ‘मुलगी एक. आमची. आमच्या घरात.’

तिने शब्द पाळला.

पावणेअकरा

खारुताईच्या हातातून भिंत दिसते.

वहीत मी आजवर खोटं लिहिलेलं नाही. एक ओळसुद्धा नाही. देवा, तुला माहीत आहे. आज लिहिते आहे, ते माझ्या नावावर मांड, तिच्या नको —

मुलगी त्या घरात आहे. त्या बाईंची आहे. आमच्या घरात माणसं दोन. मला मूल नाही. झालंच नाही.

लिहिलं.

आला — भार आला हाताला, ऊब आली — बोट गच्च धरलंय —

बाई, इथलं तिथे उमटतं, म्हणजे तुम्हाला दिसेल. अकरा वाजत आले, लवकर वाचा. दूध कोमट लागतं. रागावलात तर जेवत नाही, पण मागे लागू नका, आपणहून येते. आणि ताप आला की सांगत नाही ती, कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसते, तेव्हा काही विचारू नका, नुसतं जवळ बसायचं आणि तिच्या