सातवं गाणं

३ मे, मंगळवार

मेरन आली. ऑकलंडहून गाडी हाकत, तीन गिटारी आणि रांगी नावाचा दाढीवाला रेकॉर्डिंगवाला घेऊन. म्हणे, अल्बम इथेच करायचा, आपल्या या ब्लफ बंदरात. तोही बंद पडलेल्या चर्चात.

"अगं, वाऱ्याने तिथले पत्रे वाजतात."

"वाजू देत की. तेच तर हवंय, आई."

५ मे

दुपारपर्यंत कारखान्यात कालवं फोडली, मग चीज रोल भाजून चर्चात घेऊन गेले. दारातच थबकले. ड्रम दणाणत होते, गिटार किंचाळत होती, आणि त्या सगळ्याच्या वरून तिचा आवाज — सरळ, न घाबरता. हा आवाज माझ्या घरात वाढला? आंघोळ करताना गुणगुणायची ती हीच?

रोल गार झाले. रांगी म्हणाला, "बसा मावशी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझंही असंच झालं होतं."

९ मे

सासूबाईंना नेलं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी काठी टेकत आल्या. त्यांचा मुलगा, माझा नवरा ग्रेग, समुद्रात बुडाला त्याला सोळा वर्षं झाली, अजून दर रविवारी धक्क्यावर जाऊन उभ्या राहतात. स्पीकरवर तळहात ठेवून ऐकलं.

"आमच्या ग्रेगचा गळा आहे पोरीला," म्हणाल्या.

ग्रेग पार बेसूर होता. मी मान डोलावली.

१३ मे

आज सातवं गाणं ऐकलं. कसं लिहू?

एक लहान मुलगी सकाळी सगळ्यांच्या आधी उठते. ब्रेडच्या डब्याखाली घडी केलेला कागद. बापाचं अक्षर — बोटीची ही फेरी झाली की मी घरी येणार नाही. मेलबर्नला चाललोय, तिच्याकडे. मुलगी वाचते, तशीच घडी घालून परत ठेवते. मग आई उठते. कागद शेगडीत जातो. दुपारी लाट बापाला बोटीवरून घेऊन जाते. आणि आई गावभर सांगते, निघताना दोघींचे मुके घेऊन गेला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कुणालाच!

नऊ वर्षांची होती ती.

१४ मे

"कधी बोलली नाहीस."

"तू एवढं जपत होतीस त्याला. मी कसं मोडू?"

सोळा वर्षं मी तिच्यासमोर त्याचं कौतुक केलं, तिने माझ्यासमोर. दोघीही एकमेकींसाठी.

मग विचारलं तिने, "गाळू का ते गाणं? तू म्हणशील तसं."

दहा गाण्यांत त्याच्या जवळपास जाणारं दुसरं नाही. ते तिलाही ठाऊक आहे, तरी विचारते आहे. मला घोर सासूबाईंचा. आपला मुलगा बायको-लेकीला टाकून निघाला होता, हे त्यांनी या वयात ऐकायचं?

१६ मे

सुरी बोटात गेली. कामात लक्ष नाही.

१८ मे

रांगीला म्हटलं, सातवं पुन्हा लाव.

त्या दिवशी शेवट माझ्या कानांत शिरलाच नव्हता. त्यात बापावर राग नाही कुठे. आई शेगडीपाशी पाठमोरी उभी आहे, आणि मुलगी तिच्यासाठी पाव भाजते. तिथून आवाज चढत जातो, ड्रम येतात, सगळं चर्च भरून जातं — आणि आहे काय त्यात? एक भाजलेला पाव.

भाजला होता तिने. आठवलं मला. कागद जाळून वळले तर टेबलावर बशी होती. मला वाटलं, हिला भूक लागली असेल.

मी चर्चच्या बाकावर बसले. माझ्या पोटी जन्मली ती, आणि मला तिचा थांग नव्हता. रांगी बाहेर जाऊन उभा राहिला.

मेरनला सांगितलं, "राहू दे ते गाणं. पण तुझ्या आजीला आधी मी सांगणार."

२२ मे, रविवार

सासूबाईंना सगळं सांगितलं. चहाचा कप हातात धरून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अ‍ॅव्हिस, त्या फेरीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला होता तो. तसाच मेलबर्नला निघणार होता, बोटीवर न जाता. मीच म्हटलं, कबूल केलेली एवढी फेरी करून जा."